कागदाची मागची बाजू

१

गुरुवारी सकाळी झोहराने दुकानाचं शटर अर्धं वर ढकललं होतं, तेवढ्यात स्मिता दफ्तरदार त्याच्याखालून वाकून आत आली. स्मिता एरवी शटर पूर्ण वर जाईपर्यंत पायरीवर उभी राहून साडीच्या निऱ्या नीट करणारी बाई. आज साडी नव्हतीच, घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून आली होती.

"झोहराभाभी, कागद गेला."

"कुठला कागद?"

"बाबांचा. जाहीरनामा. उद्या संध्याकाळी मंडळात जो वाचायचाय तो."

झोहराने हातातलं कुलूप शिलाई मशीनवर ठेवलं. बहारीनच्या नईम वस्तीतल्या गल्लीतलं तिचं दुकान एवढंसं होतं: दोन मशिनी, एक कापायचं टेबल, एक उंच लोखंडी कपाट आणि आवाज करणारा उभा पंखा. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. पण बारा वर्षांत मराठी मंडळाच्या वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक तिने नेऊन वाचलं होतं, आणि रहस्यकथा असली तर शेवटचं पान आधी. खून कोणी केला हे ठाऊक असलं की माणसं निवांत बघता येतात, असं तिचं म्हणणं.

स्मिताचे सासरे हेमचंद्र दफ्तरदार तीन महिन्यांसाठी बहारीनला मुलाकडे, म्हणजे शिरीषकडे, आले होते. त्यांचे आजोबा सालवण संस्थानचे दफ्तरदार. सालवण म्हणजे कोकणकिनाऱ्यावरची सत्तावीस गावं, एक बंदर आणि एक राजा, ज्याला इंग्रजांच्या पोलिटिकल एजंटाला विचारल्याशिवाय शिंकायचीही मुभा नव्हती. ते संस्थान आता नकाशातही सापडत नाही. हेमचंद्र त्याचा इतिहास लिहीत होते, आणि जुने कागद बांधलेला लाल रुमाल त्यांनी विमानात मांडीवर घेऊन आणला होता.

बुधवारी ते तोच रुमाल घेऊन झोहराकडे आले होते. कापड विरलं होतं, त्याच मापाचा नवा रुमाल शिवून हवा होता. माप घेता घेता त्यांनी उत्साहाने एक मोडी कागद काढून वाचून दाखवला. सन एकोणीसशेचा, दुष्काळातला. राजे वारलेले, गादीचे वारस पाच वर्षांचे, कारभार एजंटाच्या हातात. कागदात लिहिलं होतं: संस्थानचं गलबत आणि राणीसाहेबांचा मोत्यांचा हार घेऊन वली तांडेल नावाचा इसम इराणच्या आखातात पळाला आहे, तो चोर आहे, त्याला कोणी थारा देऊ नये.

त्याच वेळी झोहराचा नवरा ताहिर चहाचे कप घेऊन दारात उभा होता. त्याने कप टेबलावर ठेवले आणि शांतपणे म्हणाला, "वली तांडेल आमचे पणजोबा." आणि निघून गेला. तो चहा कोणीच प्यायलं नाही.

"आज सकाळी रुमाल सोडला तर तेवढाच कागद नाही," स्मिता म्हणाली. तिचा आवाज खाली गेला. "शिरीष फार चिडलाय. म्हणतो, दुसऱ्या कोणाला त्या कागदाचं काय पडलंय? शनिवारी ऑफिसात कळवतो म्हणतो."

शिरीष आणि ताहिर अस्कर गावाकडच्या एकाच वर्कशॉपात. शिरीष इंजिनियर, ताहिर स्टोअरमध्ये. आणि चोरीची तक्रार गेलेल्या स्टोअरकीपरचा व्हिसा किती दिवस टिकतो, हे आखातात राहणाऱ्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

"शनिवारला दोन दिवस आहेत," झोहरा म्हणाली. "बसा. आधी पाणी प्या."

२

स्मिता बसली, पण हाताला चाळा हवा म्हणून तिने दारातलं अरबी वर्तमानपत्र ओढलं. "तुमचं कापायचं काम अडलंय माझ्यामुळे. बाहीचा नमुना मी कापून देऊ?"

"तो कागद नको. इंग्रजी पेपर घ्या, मशिनीखाली आहे. अरबी कागदाला कात्री लागलेली सुरैयाचाचीला चालत नाही."

मागच्या खोलीतून ताहिरची चाची हळूहळू बाहेर आली. सत्तरीची बाई, दुकानात काज-बटणं करायची. मराठी अक्षर तिने कधी गिरवलं नव्हतं, कुराण मात्र रोज वाचायची. तिने वर्तमानपत्र उचललं, घडी घालून मांडीवर घेतलं आणि गुडघा दाबत खुर्चीत बसली.

"काय झालं चाची?" स्मिताने विचारलं.

"म्हातारपण झालं. काल नको तो पराक्रम केला, आता गुडघा बदला घेतोय."

स्मिता जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून खजूर घेऊन गेली. पौषाला अजून तीन महिने होते, पण तिला चांगला ताजा माल साठवून ठेवायचा होता. "दफ्तरदारांकडे पौषात खजुराचा नैवेद्य असतो," ती म्हणाली. "का, ते कोणालाच ठाऊक नाही. मी विचारलं तर सासूबाई म्हणायच्या, आहे म्हणून आहे."

दुपारी ताहिर जेवायला आला. झोहराने भाताबरोबर सरळ प्रश्न वाढला.

"कागद तुम्ही घेतला?"

ताहिरने घास खाली ठेवला. रागावला नाही, हेच तिला लागलं. "घेतला असता गे. हात शिवशिवत होता. लहानपणी गावच्या शाळेत गुरुजी हजेरी घेताना म्हणायचे, चोराचा पणतू हजर हाय का? पण मी फाडला तरी काय होनार? माणूस चोरच राहील, वर पणतूपन चोर."

"मग शिरीषभाऊंना सांगा तसं."

"मी नाय सांगनार. ज्याला इतक्या वर्षांत कळलं नाय, त्याला दोन दिवसांत काय कळनार?" तो उठला. "आन् चाचीला यातलं काय सांगू नको. पणजोबाचं नाव तिच्या कानावर असल्या शब्दाबरोबर पडायला नको."

३

दफ्तरदारांच्या घरी एसी एवढा लावलेला होता की हेमचंद्र अंगावर शाल घेऊन बसले होते. समोर लाल रुमाल.

"या झोहराताई. मी ताहिरना काही म्हटलेलं नाही हो. शिरीष म्हणतोय."

"मी म्हणतोच," शिरीष आतून येत म्हणाला. "आणि भाभी, खरं सांगायचं तर हे प्रकरण मला नकोच होतं. मुंबईत या वर्षी दंगलीत जे झालं त्यानंतर मंडळात उभं राहून अमुक तांडेल चोर होता म्हणून वाचायचं? मी बाबांना शंभरदा सांगितलं, तो कागद सोडून बाकी वाचा."

"म्हणजे तो नाहीसा झाला तर तुमची सोयच झाली," झोहरा म्हणाली.

शिरीष एसीचं बटण फिरवायला वळला. नसलेला पदर सावरायला स्मिताने खांद्यावर हात नेला. हेमचंद्र मात्र हसले. "बरोबर विचारलंत. मलाही ते सुचलं होतं."

झोहराने रुमालाकडे बघितलं. गाठ विचित्र होती, एक टोक आत खोचलेलं, दुसरं वळसा घालून वर.

"ही दफ्तरी गाठ," हेमचंद्र म्हणाले. "आजोबांनी वडिलांना शिकवली, वडिलांनी मला. दुसऱ्या कोणी सोडून बांधली तर लगेच ओळखू येते. शिरीषला अजून जमत नाही."

"बुधवारी माझ्या दुकानात बांधलीत, ती आज सकाळी तशीच होती?"

"अगदी तशीच."

"म्हणजे कागद या घरात आलाच नाही," झोहरा म्हणाली.

शिरीषने मान वर केली. तेवढं त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"आता एक आठवून सांगा काका. ताहिर गेले, त्यानंतर कागद तुमच्या हातात होता?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "होता. मी फार ओशाळलो होतो. काहीतरी करायचं म्हणून मी तो उलटा केला. मागे नुसती गिचमिड आहे, फारशी वगैरे असावी, मला ती येत नाही. मग टेबलावर ठेवला. घाम फुटला होता. तुम्ही म्हणालात, थांबा पंखा वळवते. मग मी घाईने सगळं गुंडाळलं, गाठ मारली आणि तुम्ही मला टॅक्सीत बसवून दिलंत."

"म्हणजे ताहिर गेल्यावरही कागद टेबलावर होता. त्यांनी घेतला नाही."

"नाही," हेमचंद्र पुटपुटले. "नाहीच घेतला की."

"मग दुकानात उरलं कोण?" शिरीषने विचारलं.

झोहराने ओढणी सारखी केली. "मी," ती म्हणाली.

४

घरी जाण्याऐवजी ती राजन सबनीसांकडे गेली. राजन बँकेत होते आणि त्यांना तिकिटांचं वेड होतं. मंगळवारी मंडळात त्यांनी तोच जाहीरनामा भिंग लावून पाहिला होता, कारण बाहेरच्या बंदरांना धाडलेल्या त्या नकलेवर सालवण संस्थानचं तिकीट होतं. मोर आणि नांगर.

"मला ते तिकीट हवंय हे मी लपवलेलंच नाही," राजन म्हणाले. "पण चोरून घेतलेलं तिकीट दाखवायचं कोणाला? न दाखवता येणारं तिकीट म्हणजे पोटात ठेवलेला लाडू."

"तुम्ही मागची बाजू पाहिलीत?"

"पाहिली ना. तिकिटाचा डिंक मागून उमटलाय का बघत होतो. दफ्तरदारकाका त्याला फारशी म्हणतात. मला लिपी येत नाही, पण चौदा वर्षं इथल्या पाट्या बघतोय. प्रत्येक दुसऱ्या शब्दाला पुढे ते उभं 'अलिफ-लाम' लागलेलं. फारशी कसली, अरबी आहे ते."

झोहरा दारातच थबकली. तिच्या डोक्यात एकदम चार गोष्टी शेजारी शेजारी येऊन बसल्या: वळवलेला पंखा, कात्री न लागणारं वर्तमानपत्र, चाचीचा गुडघा, आणि कपाटाशेजारचं स्टूल, जे बुधवारी संध्याकाळी तिच्या पायाला लागलं होतं. ते स्टूल तिथे ठेवलंय कोणी, असं ती तेव्हा पुटपुटलीही होती.

"राजनभाऊ, उद्या सकाळी दहाला दुकानात या. भिंग घेऊन."

"सापडला?"

"कुठे आहे ते कळलंय. चोर मात्र सापडायचा नाही," झोहरा म्हणाली. "कारण तो नाहीच."

तिला त्याच क्षणी दुकानात धावत जायचं होतं. पण ज्यांनी ताहिरवर शंका घेतली त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे, असा तिचा हट्ट. एवढं शिष्टपण तिला पुढे चांगलंच महागात पडणार होतं.

५

शुक्रवारी दहाला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हेमचंद्र एकुलत्या खुर्चीत, स्मिता मशिनीच्या स्टुलावर, शिरीष दाराला टेकून, राजन भिंग घेऊन. ताहिर कोपऱ्यात, हाताची घडी घालून, कोणाकडे न बघता.

"बुधवारी काका रुमाल आवरत होते," झोहराने सुरुवात केली. "मी पंखा त्यांच्याकडे वळवला. टेबलावर तो एकच कागद सुटा होता. तो उडाला आणि मशिनीपलीकडे पडला, पालथा. घाईत काकांनी बाकीचे कागद गुंडाळले. मी त्यांना टॅक्सीत बसवायला बाहेर गेले. दुकानात कोण राहिलं?"

"कोणीच नाही," शिरीष म्हणाला.

"मागच्या खोलीत चाची नमाज पढत होती. ती बाहेर आली. तिला जमिनीवर एक कागद दिसला. वरची बाजू अरबी. आता सांगा राजनभाऊ, या गल्लीत अरबी लिहिलेला कागद पायात पडला तर लोक काय करतात?"

"उचलतात," राजन म्हणाले. "उंच ठेवतात. भिंतीच्या फटीत, खांबावर. मी किती वेळा बघितलंय."

"त्यात अल्लाचं नाव असू शकतं. मग ती पुड्याची चिठ्ठी असो की सिनेमाची जाहिरात, चाची वाचत बसत नाही. उचलते, डोळ्यांना लावते आणि सगळ्यात उंच जागी ठेवते. सगळ्यात उंच जागा हे कपाट. वर तिचा बिस्किटांचा डबा आहे, असे सगळे कागद त्यात जातात. त्यासाठी तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि गुडघा दुखावला." झोहराने स्टूल सरकवलं. "काका, तुमचा कागद कोणी चोरला नाही. आम्ही तो मानाने ठेवला."

हेमचंद्र खुर्चीतून पुढे वाकले. झोहरा स्टुलावर चढली, हात कपाटावर फिरवला. पुन्हा फिरवला. धुळीत डब्याच्या आकाराचा एक स्वच्छ चौकोन होता.

"डबा नाही," ती म्हणाली.

"आज शुक्रवार," ताहिर पहिल्यांदाच बोलला. त्याचा चेहरा उतरला होता. "डबा भरला की चाची शुक्रवारी कागद थंडे करायला नेते."

"थंडे म्हणजे?" स्मिताने विचारलं.

"समुद्रात सोडते."

६

होड्यांचा धक्का दुकानापासून चालत दहा मिनिटं. त्या दिवशी ते पाचात पोचले. पुढे ताहिर, मागे शिरीष, त्याच्या हाताला धरून हेमचंद्र. झोहरा सगळ्यात मागे, कारण तिला आपल्याच शिष्टपणाचं ओझं झालं होतं. काल संध्याकाळी येऊन डबा उघडला असता तर?

सुरैयाचाची धक्क्याच्या टोकाला बसली होती. डबा रिकामा, झाकण बाजूला. पाण्यावर कागदाचे तुकडे दूर जात होते, पांढरे, पिवळे, एक निळा.

"चाची," ताहिरने हाक मारली.

चाचीने मान वळवून सगळ्यांकडे पाहिलं. "एवढी वरात कशाला? गुडघा दुखतोय, मेली नाय मी अजून." मग तिने मांडीवरची ओढणी बाजूला केली. खाली जाड, पिवळट, हाताने बनवलेला एक कागद होता. "सगळे सोडले. ह्यो नाय सोडवला. माझी सवय, सोडताना एकेक बघायचं. हा छापलेला नाय, कुणीतरी हातानं लिवलेला. सगळं समजत नाय, पन ही अक्षरं बघ. वाव, लाम, ये. वली. तुझ्या पणजोबाचं नाव. मी म्हटलं, घरच्या मानसाचं नाव पाण्यात कसं सोडू?"

शिरीष गुडघ्यावर बसला आणि त्याने कागदाला हात न लावता तो नुसता पाहिला.

वाचायला नजीबला बोलावलं. झोहराच्या शेजारचा कापडवाला, साठीचा बहारिनी, हिंदी अशी बोलायचा की मुंबईचा टॅक्सीवाला शरमावा. त्याने चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला.

"ये किसका कागद है, रफीक?" त्याने ताहिरला विचारलं. तो सगळ्यांनाच रफीक, म्हणजे दोस्त, म्हणायचा.

"क्या लिखा है, वो तो बोलो," झोहरा म्हणाली.

नजीबने थांबत थांबत अर्थ सांगितला. लिहिणारा शेजारच्या मुहर्रक बेटावरचा एक मोत्यांचा व्यापारी होता. त्याने लिहिलं होतं: या कागदाच्या पुढच्या बाजूला जे लिहिलं आहे, ते इथल्या हिंदी बनियाने मला वाचून दाखवलं. ते खरं नाही, म्हणून हा कागद मी सालवणला परत पाठवतो आहे. नाखुदा, म्हणजे तांडेल, वली माझ्याकडे सालवणच्या बाईसाहेबांचं पत्र घेऊन आला. हार त्यांनी स्वतः पाठवला होता. त्यातले मोती आमच्याच समुद्रातले, मी ते ओळखले. त्याच्या बदल्यात मी तांदूळ आणि खजूर दिला आणि गलबत माझ्यासमोर भरलं. मी नाखुदाला जेवायला बसवलं तेव्हा त्याने खजुराला हात लावला नाही. म्हणाला, घरी जाऊन खाईन, सगळ्यांबरोबर. जो हे वाचेल त्याने साक्षी राहावं.

ताहिर समुद्राकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं, पण झोहरा अठरा वर्षं ती पाठ ओळखत होती. ती जवळ जाऊन उभी राहिली.

"आजोबांनी हा कागद ठेवला," हेमचंद्र स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "दाखवला मात्र नाही. राणीसाहेबांनी एजंटाच्या मनाविरुद्ध धान्य आणवलं असं निघालं असतं तर धाकट्या राजांना आईपासून तोडून मुंबईला नेलं असतं. म्हणून गलबत खाडीत गुपचूप रिकामं झालं आणि तांडेल चोर ठरला. राणीसाहेब गप्प, आजोबा गप्प. वलीमियाही गप्प. त्यांचं गप्प राहणं सगळ्यात महाग." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "स्मिता, आपल्याकडे पौषात खजूर का असतो ते कळलं ना? तोंडाने आभार मानायची सोय नव्हती, म्हणून आजोबांनी ते देवासमोर ठेवले. पुढे आम्ही कारण विसरलो आणि नैवेद्य तेवढा चालू ठेवला."

शिरीष उठला. ताहिरच्या समोर गेला. "ताहिरभाई, मी..."

"ऱ्हाऊ द्या," ताहिर म्हणाला. "तुमचाच जीव धावून धावून गेलाय. आधी चाय घेऊ. परवाचा राहिलाय."

७

संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये हेमचंद्रांनी भाषणाचे कागद बाजूला ठेवले. "मी मागच्या बाजूपासून सुरुवात करतो," ते म्हणाले. वाचून झाल्यावर त्यांनी समोरच्या रांगेतल्या तांडेल कुटुंबाला वाकून नमस्कार केला. चुकीबद्दल माफी मागितली, आणि तांदळाबद्दल आभार मानले. "नव्वद वर्षं उशीर झाला," ते म्हणाले. "त्या तांदळावर माझे वडील जगले. म्हणून मी इथे उभा आहे आणि चुका करतोय."

टाळ्या वाजल्या तेव्हा चाची जागी झाली आणि तिनेही वाजवल्या.

जाहीरनामा नव्या रुमालात गेला, अरबी बाजू वर करून. परत जाण्याआधी हेमचंद्रांनी दफ्तरी गाठ झोहराला शिकवली. तिला ती दुसऱ्याच झटक्यात जमली. "शिरीषला सांगू नका," ते म्हणाले. राजनना तिकीट मिळालं नाही. पण त्याचा फोटो मिळाला, आणि तो ते सगळ्यांना दाखवतात.

पौषात, हेमचंद्र पुण्याला गेल्यावर, एका दुपारी स्मिता ताट घेऊन दुकानात आली. यंदा नैवेद्य देवासमोर ठेवून ती तशीच नईमला आली होती. खजुरावर एक चिठ्ठी होती. सासऱ्यांनी पत्रातून पाठवलेली, सुवाच्य मराठीत.

चाचीने ती हातात घेऊन उलटसुलट केली. "काय लिवलंय?"

"'वलीमिया तांडेल यांस, सालवणकडून,'" झोहराने वाचलं.

चाचीने एक खजूर तोंडात टाकला, बी काढून हातात धरली. मग कोणी थांबवायच्या आत तिने स्टूल ओढलं, गुडघ्यावर हात ठेवून वर चढली आणि ती मराठी चिठ्ठी डोळ्यांना लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवली.